बोट तेव्हा कुठे असेल? कोपितनारीवरच्या कमी उंचीच्या हल्ल्याची आखणी

काळ्या समुद्रात, बातुमीच्या पश्चिमेला ६० सागरी मैलांवर एक विमानवाहू नौका. तिच्यावर आमची चार एफ/ए-१८सी हॉर्नेट. लक्ष्य आहे जॉर्जियातल्या कुताइसी शहराजवळचा कोपितनारी विमानतळ आणि तिथला इंधनसाठा. राखणीला विमानतळाच्या पश्चिमेला विमानं पाडणाऱ्या कुब क्षेपणास्त्रांची एक तुकडी, त्याहून कमी पल्ल्याची दोन ओसा, आणि धावपट्टीभोवती चार नळ्यांच्या तीन शिल्का तोफा. बातुमी आणि कोबुलेती आपल्या ताब्यात, कुताइसी शत्रूच्या.

डीसीएस वर्ल्ड या संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या खेळात, कॉकेशस नकाशावर हे मिशन आम्ही स्वतः बांधलं. दर शनिवारी रात्री चौघे भेटतो. मी पुण्यातून (एक नंबर), दोन नंबर नाशिकहून, चार नंबर जर्मनीतून. तीन नंबरला आम्ही काका म्हणतो. ते रत्नागिरीचे, मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले, आणि चौघांत वयानं सगळ्यात मोठे. काम एका ओळीत मावतं: साठा उडवायचा आणि चारही विमानं डेकवर परत आणायची. त्यात तीन शनिवार गेले, आणि काम अजून पुरं झालेलं नाही. पहिल्या दोन शनिवारी विमान हाताळण्यात फारसं काही चुकलं नव्हतं. चूक उड्डाणाआधीच कागदावर झालेली होती, म्हणूनच हे प्रकरण आकड्यांसकट मांडतोय.

आधी अटी. मिशनचा काळ १९८० च्या दशकाचा धरला, त्यामुळे उपग्रहावरून दिशा घेणारे बॉम्ब नाहीत आणि लांबून सोडायची घसरती शस्त्रंही घेतली नाहीत. बॉम्ब टाकणाऱ्या दोन विमानांवर प्रत्येकी चार मार्क-८२ स्नेकआय, म्हणजे मागे पंख उघडून वेग मारणारे ५०० पौंडी बॉम्ब. काका आणि चार नंबरकडे रडारचा माग काढणारी प्रत्येकी दोन हार्म क्षेपणास्त्रं. ही जोडणी हवेतून उचललेली नाही. एप्रिल १९८६ मध्ये अमेरिकी नौदलानं लिबियावर हल्ला केला तेव्हा ‘कोरल सी’ या विमानवाहू नौकेवरच्या हॉर्नेटनी हार्म डागली आणि ए-६ विमानं रात्री खालून आत गेली.

खालून जाण्याची पद्धत पुढं मागं पडली, तेही ठाऊक असलं पाहिजे. १९९१ च्या आखाती युद्धात ब्रिटिश टोर्नेडो पहिल्या काही रात्री इराकी धावपट्ट्यांवर अगदी खालून गेले, विमानं गमावली आणि मग मध्यम उंचीवर सरकले. खालच्या उंचीवर क्षेपणास्त्रं टळतात पण तोफा आणि बंदुका भेटतात. त्यामुळे कमी उंची हा धाडसाचा भाग समजू नये. वर राहायला साधनं नसली की पत्करायचा तो मार्ग आहे. त्याची किंमत इंधनात आणि वेळेत मोजावी लागते, आणि ती किंमत आम्ही पहिल्या शनिवारी मोजलीच नव्हती.

पहिला शनिवार

आखणी मीच केली होती. नौकेपासून पोतीचा किनारा ६६ मैल, पोतीपासून कोपितनारी ३७ मैल. एकूण १०३ मैल, सरळ रेघ. सगळं अंतर २०० फुटांवर, ४८० नॉटांनी (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). ४८० हा आकडा निवडण्याचं कारण एवढंच की तो मिनिटाला बरोबर आठ मैल देतो आणि डोक्यात हिशेब करता येतो. “खाली राहिलं की रडारला दिसत नाही,” असं मी ब्रीफिंगमध्ये सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली.

पोती ओलांडलं आणि खाली रिओनी नदीचं खोरं पसरलं. हे खोरं म्हणजे कोल्खेतीचा सखल प्रदेश, ताटासारखा सपाट. लक्ष्यापासून वीस मैलांवर धोका दाखवणाऱ्या पडद्यावर ‘६’ उमटला, म्हणजे कुबचं रडार. अकरा मैलांवर पहिलं क्षेपणास्त्र आलं. मी बॉम्ब शेतात टाकून दिले आणि आफ्टरबर्नर, म्हणजे भरपूर इंधन जाळून मिळणारा इंजिनाचा जादा जोर, लावून वळलो. दोन नंबर माझ्या डावीकडे दीड मैलावर होता. त्याला दुसऱ्या क्षेपणास्त्रानं गाठलं. काका आणि चार नंबरनी आमची हाक ऐकताच हार्म सोडली. सुटली बरोबर, पण पोचेपर्यंत इकडचं सगळं उरकलं होतं. मी तीन मिनिटं आफ्टरबर्नरवर पळत राहिलो. नौकेजवळ पोचलो तेव्हा टाकीत ९०० पौंड होते. पहिल्या प्रयत्नात विमानाचा हुक डेकवरच्या थांबवणाऱ्या तारेला लागला नाही, आणि दुसऱ्या फेरीला इंधन नव्हतं.

त्या रात्री उशिरापर्यंत आम्ही रेकॉर्डिंग बघत बसलो. दोन नंबर म्हणाला, “अरे, तू दोनशेवर होतास, मी दोनशेवर होतो. मग दिसलो कसे?”

उत्तर एका जुन्या सोप्या सूत्रात होतं. विमानाच्या उंचीचं फुटांतलं वर्गमूळ घ्या, रडारच्या अँटेनाच्या उंचीचंही घ्या, दोन्हींची बेरीज १.२३ नं गुणा. येणारं उत्तर म्हणजे रडारचं क्षितिज सागरी मैलांत. अँटेना ३० फुटांवर धरला तर २०,००० फुटांवरचं विमान १८० मैलांवरून दिसू शकतं, ३,००० फुटांवरचं ७४ मैलांवरून, २०० फुटांवरचं २४ मैलांवरून. अगदी जीव मुठीत धरून १०० फुटांवर उतरलात तरी १९ मैल.

आता कुबचा पल्ला बघा: साधारण २४ किलोमीटर, म्हणजे १३ मैल. सपाट जमिनीवर क्षितिज २४ मैलांचं आणि क्षेपणास्त्र १३ मैलांचं. म्हणजे २०० फुटांवर उडून मी कुबपासून लपलोच नव्हतो. माझी चाहूल त्याला थोडी उशिरा लागली, बस. पल्ल्यात शिरल्यापासून लक्ष्यापर्यंत १३ मैल, ४८० नॉटांवर ९७ सेकंद. आमच्या चाचण्यांमध्ये रडारनं पकडल्यापासून क्षेपणास्त्र सुटेपर्यंत वीस-बावीस सेकंद लागत होते. ९७ सेकंदांत कुबला पहिली जोडी सोडून, निकाल बघून, दुसरी जोडी सोडायलाही सवड होती.

ज्याच्यामुळे लपता येतं तो डोंगर असतो, उंचीमापकावरचा आकडा नव्हे. दख्खनच्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज पडू नये. आमच्याकडे घाटाच्या एका वळणामागे आख्खी फौज लपलेली आहे. पण स्क्रीनसमोर बसून सरळ रेघ आखताना मला ते सुचलं नाही.

सहा मैल

पुढचा आठवडा नकाशावर गेला. या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच, त्यामुळे इथं जरा रेंगाळतो.

कोपितनारीच्या उत्तरेचे डोंगर दूर आहेत, पश्चिमेला समुद्रापर्यंत सखल भाग, पूर्वेला कुताइसी शहर. दक्षिणेला मात्र मेस्खेती पर्वतरांग, आणि तिच्या टेकड्या उतरत उतरत थेट रिओनीच्या मैदानाला टेकतात. जिथं टेकतात तिथं वानी नावाचं गाव आहे. प्राचीन कोल्खिसचं हे मोठं स्थळ. उत्खननात सोन्याचे दागिने निघाले त्यासाठी ओळखलं जातं. आमच्यासाठी त्याचं महत्त्व निराळं होतं: वानी ते विमानतळ, सरळ उत्तरेला, फक्त सहा मैल. सुलोरी नदीच्या दरीतून वानीपर्यंत आलं तर शेवटचे सहा मैल सोडून सगळा प्रवास डोंगराआड. सहा मैल म्हणजे ४५ सेकंद. ९७ चे ४५ झाले.

पण वानीच्या मागं पोचायचं कसं? बातुमीच्या दक्षिणेला चोरोखी नदी समुद्राला मिळते, आणि किनाऱ्यापासून थोडं आत अजारिस्त्सकली तिला येऊन मिळते. ही अजारिस्त्सकलीची दरी सरळ पूर्वेला जाते, केदा, खुलो अशी गावं घेत, गोदेर्दझी खिंडीपर्यंत. खिंड २,०२५ मीटर उंच. नदीच्या मुखापासून खिंडीपर्यंत ४२ मैल धरले. तिथं डावीकडे उत्तरेला वळायचं, मेस्खेतीचा कणा ओलांडायचा आणि सुलोरीच्या दरीत उतरायचं. खिंड ते वानी २७ मैल. मग ते सहा.

दरीत ४८० चालत नाही. ताम्हिणीत ज्यानं गाडी चालवलीय त्याला कारण सांगायला नको, पण आकडा हाताशी असलेला बरा. चार जीचं, म्हणजे अंगावर चौपट भार येणारं, वळण घेतलं तर ५४० नॉटांवर वळणाची त्रिज्या सुमारे ६,६५० फूट येते, म्हणजे दोन किलोमीटर. ४२० वर तीच ४,००० फूट होते. दरीची रुंदी काही ठिकाणी एवढीच आहे की दोन किलोमीटरच्या त्रिज्येचं वळण समोरच्या उतारावर जाऊन संपेल. म्हणून दरीत ४२०, मिनिटाला सात मैल, ४२ मैलांना सहा मिनिटं. या मार्गात आकडे इतके सरळ पडत होते की मला तेव्हा ते शुभशकुनासारखं वाटलं.

कणा ओलांडणं हा एकच उघडा क्षण. रांग तिथं आठ-नऊ हजार फुटांची, विमानतळापासून वीस मैलांवर. तिथं क्षणभर रडारला दिसणार हे नक्की, पण वीस मैल कुबच्या पल्ल्याबाहेर आहेत. धारेवरून सरळ उडी मारली तर विमान हवेत वर तरंगत राहतं आणि पंधरा-वीस सेकंद दिसतं. त्यासाठी जुनी रीत वापरायची: धारेजवळ येताच विमान पाठीवर उलटं करायचं, नाक खाली दरीत ओढायचं, मग सुलटं. सरावात आम्ही हे सात-आठ सेकंदांवर आणलं. दोन नंबरला पहिल्या दिवशी तीनदा डोंगर लागला. चौथ्यांदा जमलं तेव्हा त्याचा आवाज ऐकण्यासारखा होता.

बॉम्ब कसे टाकायचे यावर वाद झाला. चार नंबरचं म्हणणं, लक्ष्याच्या तीन-चार मैल आधी वर उसळावं, लक्ष्य नजरेनं पकडावं आणि सूर मारून टाकावं. अचूकता त्यात जास्त, हे खरंच. पण उसळून वर गेलेलं विमान दहा-बारा सेकंद दोन हजार फुटांच्या वर असतं, आणि तेही ओसा आणि शिल्का दोघांच्या डोळ्यांसमोर. इंधनसाठा मोठं, पसरट लक्ष्य आहे. म्हणून सपाट उडत, ३०० फुटांवरून, स्नेकआय. यात दोन गोष्टी हटकून तपासायच्या. एक, कॉकपिटच्या पडद्यावर शस्त्रांच्या पानात ड्रॅगची (हवेच्या अडथळ्याची) निवड पंख उघडण्याच्या बाजूला आहे ना. नसेल तर बॉम्ब विमानासोबतच पुढं येतो आणि खालच्या स्फोटात वरचं विमान सापडतं. दोन, सोडताना वेग ५०० च्या आत. त्या पंखांची मर्यादा तेवढीच. आणि दोन नंबर माझ्या मागं ३० सेकंद, म्हणजे चार मैल, म्हणजे माझ्या बॉम्बच्या ठिकऱ्या खाली बसल्यावरच तो तिथं पोचेल.

दुसरा शनिवार, आणि काकांचा प्रश्न

मिशनची वेळ सकाळी सातची ठेवली होती. पहिला धडा दरीत शिरताच मिळाला: दरी पूर्वेला जाते आणि सकाळी सात वाजता सूर्यही तिथंच असतो. डोळ्यांसमोर नुसता पांढरा झोत, दरीच्या सावलीच्या बाजूला काळोख. दोन नंबर केदाजवळ घाबरून वर निघाला आणि पुन्हा खाली आला. ही चूक नकाशा बघून कळायला हवी होती. मार्गाची दिशा आणि घड्याळ शेजारी शेजारी ठेवून बघितलंच नव्हतं.

तरीही आम्ही वानीपर्यंत न दिसता पोचलो. मैदानात शिरलो आणि कुबचं रडार चालू होतं.

ते बंद असायला हवं होतं. आमच्या मिशनमधली शत्रूची हवाई राखण एका स्क्रिप्टवर चालते. हार्म येताना दिसलं की रडार बंद होतं, आणि थोड्या वेळानं, आमच्या अनुभवात कधी मिनिटभरानं, कधी दोन मिनिटांनी, पुन्हा चालू होतं. खऱ्या युद्धातही हार्मचं मोठं काम हेच असतं: रडार फुटलं तर उत्तमच, पण फुटलं नाही तरी ते गप्प बसलं पाहिजे. काका आणि चार नंबर पोतीच्या किनाऱ्यावर २५,००० फुटांवर, लक्ष्यापासून ३५ मैलांवर. तिथून हार्मला पोचायला आम्ही मोजलेला वेळ १०५ सेकंद. त्यांनी घड्याळाप्रमाणे सोडलं, रडार घड्याळाप्रमाणे गप्प झालं. उशीर आम्हाला झाला होता: ७५ सेकंद. मी बॉम्ब टाकले, साठ्याच्या कडेला लागले. वळताना क्षेपणास्त्रानं शेपूट नेली. दोन नंबर वानीतूनच मागं फिरला.

७५ सेकंद कुठं गेले? वेग तर काटेकोर पाळला होता. मी मार्ग पुन्हा मोजला, वळणं मोजली. मग काका म्हणाले, “अरे, तू निघालास तेव्हा बोट कुठं होती?”

“साठ मैलांवर, काका. मिशनमध्ये तिथंच ठेवलीय.”

“ती सुरुवातीला. आपण इंजिनं चालू केली, कॅटपल्टवर गेलो, चारही उडालो, याला अर्धा तास झाला. बोट वीस नॉटांनी वाऱ्यावर चालली होती. वारा पश्चिमेचा. मग?”

अर्धा तास, वीस नॉट, दहा मैल. दहा मैल भागिले आठ: सव्वा मिनिट. बरोबर ७५ सेकंद.

मी नौकेला विमानतळ समजून आखणी केली होती. विमानतळ जागेवर असतो. नौकेला मात्र विमान सोडायला आणि घ्यायला डेकवर पुरेसा वारा लागतो, म्हणून ती वाऱ्याच्या तोंडावर धावते. आणि वारा समुद्राकडून असेल तर प्रत्येक मिनिटाला ती किनाऱ्यापासून लांब जाते. काकांनी तेव्हा ‘विक्रांत’ची गोष्ट काढली. मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी असताना ते डेकवर जाऊन आले होते. १९७१ मध्ये तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता. वेग पुरता मिळत नव्हता, त्यामुळे वारा पडला की जड अलिझे विमानं उडवणं कठीण व्हायचं. तरीही ४ डिसेंबरला तिच्यावरून सी हॉक विमानं उडाली आणि कॉक्स बझारवर हल्ला झाला. “तिथं बोटीचा वेग आणि वाऱ्याचा वेग हाच पहिला आकडा असणार,” काका म्हणाले. “तू तो कुठंच लिहिलेला नाहीस.”

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो मला जास्त लागला. “आणि परत येशील तेव्हा बोट कुठं असेल?”

उलटी आखणी

या प्रश्नापासून आम्ही आखणी नव्यानं सुरू केली, आणि शेवटाकडून केली. आधी उतरणं, मग परतीचा मार्ग, मग हल्ला, मग दरी, आणि सगळ्यात शेवटी उड्डाण.

नौकेचा मार्ग मिशन एडिटरमध्ये तोडला. विमानं सुटेपर्यंत पश्चिमेला, मग वीस मिनिटं उलटी पूर्वेला, आणि आम्ही परतायच्या वेळी पुन्हा वाऱ्यावर. त्यामुळे परतीला ती ३० मैल लांब जाण्याऐवजी मूळ जागेपासून दहाच्या आसपास राहते. दुसरं, वेळेचा हिशेब नौकेपासून सुरू करायचा नाही. चोरोखीचं मुख ही जमिनीवरची न हलणारी जागा. तिथं चार मिनिटं आधी पोचायचं, गोल फिरत थांबायचं, आणि ठरल्या सेकंदाला दरीत शिरायचं. नौका कुठंही असो, जोडी जमायला कितीही वेळ लागो, ती चूक तिथंच पुसली जाते.

सूर्य वर यावा म्हणून बॉम्बची वेळ १०:३०:०० धरली. वानी १०:२९:१५. गोदेर्दझी १०:२५:५३. चोरोखीचं मुख १०:१९:५३. पहिली दोन हार्म १०:२७:३० ला सुटणार, म्हणजे मी वानीतून बाहेर पडताना ती पोचलेली असतील. उरलेली दोन अर्ध्या मिनिटानं, दोन नंबरसाठी. दुसऱ्या जोडीचा हा अर्ध्या मिनिटाचा फरक चार नंबरची कल्पना, आणि माझ्या मते सगळ्या आखणीतली सगळ्यात शहाणी.

आता इंधन. पोटातल्या टाक्या आणि मधली एक बाहेरची टाकी मिळून सुमारे १३,००० पौंड. खालचे आकडे याच भारानं घेतलेल्या सराव उड्डाणांतले आमचे मोजलेले आहेत. इंजिन चालू करण्यापासून जोडी जमेपर्यंत १,७००. बातुमीच्या किनाऱ्यापर्यंत १,१५०. यातला पहिला निम्मा टप्पा ३,००० फुटांवर, कारण ७४ मैलांच्या बाहेर असताना २०० फुटांवर घासत जाण्यात इंधनाची आणि मानेची दोन्हींची नासाडी आहे. थांबण्यासाठी ५००. दरीत ९००. कणा ओलांडून वानी, ८००. हल्ला आणि त्यानंतरचं वळण, आफ्टरबर्नर धरून, १,२००. शिल्लक ६,७५०.

परतीला लक्ष्यापासून नैर्ऋत्येला, गुरियाच्या टेकड्यांत चोखाताउरीकडे, तिथून कोबुलेतीवरून समुद्रात, ३८ मैल, ९५०. वर चढून नौकेपर्यंत १,४००. नौकेजवळ थांबणं आणि उतरण्याची फेरी ९००. आणि तार चुकली तर पुन्हा फिरायला राखीव २,५००. बेरीज ५,७५०.

दोन्ही आकड्यांतला फरक हजार पौंड. खालच्या उंचीवर पूर्ण आफ्टरबर्नर मिनिटाला अकराशेच्या आसपास खातो. म्हणजे सगळ्या मोहिमेत शत्रूपासून पळायला आमच्या पदरी एक मिनिटसुद्धा पूर्ण नव्हतं. पहिल्या शनिवारी मी तीन मिनिटं पळालो होतो. हे गणित त्या दिवशी कागदावर असतं तर सरळ रेघेचा मार्ग मी आखलाच नसता, कारण त्या मार्गात पळावं लागणार हे क्षितिजाचं सूत्र ओरडून सांगत होतं.

म्हणून नीबोर्डच्या (मांडीवर ठेवायच्या टिपणांच्या) पानावर मोठ्या अक्षरात ५,७५० लिहिलं: लक्ष्यानंतर याच्या खाली काटा गेला की नौकेचा विचार सोडायचा आणि बातुमीच्या धावपट्टीवर उतरायचं. आणि त्याखाली आणखी एक ओळ. बॉम्ब पडलेच नाहीत तर चार स्नेकआय म्हणजे सव्वादोन हजार पौंड परत येतात, आणि उतरण्याच्या ३४,००० पौंडांच्या मर्यादेला विमान टेकतं. अशा वेळी बॉम्ब समुद्रात टाकायचे, इंधन नाही.

तिसरा शनिवार

जोडी जमायला सहाऐवजी साडेआठ मिनिटं लागली. चोरोखीच्या मुखावर ती चूक पुसली गेली. चार मिनिटं थांबायच्या ऐवजी दीडच थांबलो आणि १०:१९:५३ ला नाक पूर्वेला वळवलं. दरीत ऊन डोक्यावर होतं, दोन्ही उतार स्वच्छ दिसत होते. खुलोच्या पुढं माझा वेग ४३५ झाला होता, तो उतरवला. गोदेर्दझी तीन सेकंद उशिरा. कणा पाठीवर ओलांडला. पडद्यावर ‘६’ क्षणभर चमकला आणि गेला.

सुलोरीच्या दरीत काकांचा आवाज आला, “दोन सुटली,” शांत, जसे ते बंदरात जहाज लावताना बोलत असतील तसे. पुढं अर्ध्या मिनिटानं, “उरलेली दोन सुटली.” वानीची घरं डावीकडून गेली, मैदान उघडलं, आणि पडदा गप्प होता. ते ४५ सेकंद मी आयुष्यभर विसरणार नाही. धावपट्टी, पांढऱ्या टाक्या, ३०० फूट, ४८५ नॉट. बॉम्ब १०:३०:०४ ला सुटले. दोन नंबरचे १०:३०:३७ ला, धुरातून. टाक्या पेटल्या.

वळताना एका शिल्कानं दोन नंबरला गाठलं. इंजिनं चालू होती पण टाकी गळत होती. चोखाताउरीजवळ त्यानं काटा वाचला: ५,२००. मला वाटलं तो ताणून बघेल. तीन शनिवारांची इच्छा होती की चारही डेकवर यावीत. त्यानं पान बघितलं, म्हणाला, “पाच-सातशे-पन्नासच्या खाली. बातुमीला जातो.” आणि गेला. उतरला तेव्हा त्याच्याकडे १,१०० उरले होते. नौकेपर्यंत तो पोचला नसता.

नौका जिथं असायला हवी होती तिथून तीन मैलांवर सापडली. काका आणि चार नंबर माझ्या आधी उतरले. मी ३,४०० पौंडांवर आलो, दुसरी तार.

शिल्का कुठली होती ते रेकॉर्डिंगमध्ये सापडलं आहे: धावपट्टीच्या नैर्ऋत्य टोकाची. बॉम्ब सोडल्यावर आम्ही लगेच डावीकडे वळतो आणि बरोबर तिच्यासमोर पोट दाखवतो. येत्या शनिवारी दोन नंबरनं दोन मैल उत्तरेला सरळ जाऊन मग वळायचं ठरवलंय. त्याला शंभर पौंड जास्त लागतील, आणि ते थांबण्याच्या ५०० मधून काढायचे आहेत.